वाढीव दीड इंच

जुबैल
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

तिसरी गोळीही कागदाला न लागता मागच्या वाळूच्या ढिगात गेली, तेव्हा मी सफूराच्या हातून रायफल काढून घेतली, बोल्ट उघडला, आत काडतूस नाही हे बोट घालून पाहिलं आणि अबू हाशिरला म्हटलं, "खलास. आज एवढंच."

"अजून दोन मारू दे," तो म्हणाला. "सवय होईल."

"सवय झालीय. डोळे मिटायची."

तो हसला नाही. त्याची नात हसली. दहा वर्षांची आहे. हसताना उजवा खांदा चोळत होती.

पूर्णिमा, हे पत्र असं मधूनच सुरू झालं, कारण सुरुवात कशी करायची ते मला ठरवता आलं नाही. तीन वर्षांत तुला माझी एकही ओळ गेलेली नाही. फोनवर तू मला बंद केलंयस. म्हणून कागद. तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतोय. रियाधला, मलाझच्या घरी पाठवलं तर गिरीशच्या हाती पडेल आणि तो सासरा-बायकोच्या मध्ये अडकेल.

अबू हाशिर तुला आठवत असेल. माझा कफील, ज्याच्या नावावर माझा इथला व्हिसा आहे तो. तू बारावीच्या सुट्टीत आली होतीस तेव्हा त्याने खजुराचं अख्खं खोकं पाठवलं होतं. पस्तीस वर्षं मी त्याच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याच्या बंदुकाही मीच दुरुस्त करतो. परवाने त्याचे, हात माझे. उन्हाळ्यात तो सफूराला घेऊन नामिबियाला जाणार आहे, तिथे रीतसर पैसे भरून हरणाची शिकार करता येते. त्यासाठी तिला स्वतःची रायफल हवी. कोणती, कुठल्या कॅलिबरची, ते त्याने माझ्यावर सोडलंय. सोडलंय म्हणतो आणि पोरीच्या हातात स्वतःची थ्री-नॉट-एट देतो.

ती गोळी सुटायच्या आधी डोळे मिटते. याला औषध एकच, बंदूक बदलणं. पोरगी बदलता येत नाही.

तू डोळे मिटत नव्हतीस. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय. लांज्याला गोठ्यामागे तू पहिला बार काढलास तेव्हा तुझे दोन्ही डोळे सताड उघडे होते. पुढे जे झालं ते बंदूक सैल धरल्यामुळे. ती आजोबांची बाराबोरी, माकडं-डुकरं हाकायची, मोठ्या माणसाच्या मापाची. तुझ्यासाठी थोडीच बनवली होती.

आता कामाचं. तुझी ज्ञानदा रियाधला एअर रायफलच्या वर्गाला जाते असं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस. तिची मान दुखते, नेम खाली जातो आणि ती वर्ग सोडायचं म्हणतेय, हेही कळलं. क्लबच्या बंदुका जुन्या आहेत, लाकडी, लांबी कमी-जास्त न होणाऱ्या. मी तिच्यासाठी दस्ता, खांद्याला टेकवायचा मागचा भाग, करून देऊ शकतो. फक्त लाकूड. बंदूक क्लबचीच राहील. आठ दिवसांचं काम आहे.

मला एकच माप हवं. तिला उजवा हात कोपरात काटकोनात वाकवायला सांग. कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप धर. तो आकडा मला कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

अण्णा


जुबैल
शुक्रवार, १७ जानेवारी

आकडा आला नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

सफूराचं कॅलिबर ठरलं. टू-फोर-थ्री. अबू हाशिरला पटवायला चार दिवस आणि अगणित कप गहवा, त्यांची कॉफी, लागला. काल त्याच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, त्याचे दोघे भाऊ बसले होते, त्यांच्या देखत तो मला म्हणाला, "कांत, मी नऊ वर्षांचा असताना माझ्या बापाने माझ्या हातात यापेक्षा मोठी बंदूक दिली. मी रडलो नाही."

मी म्हटलं, "रडला नाहीत. पण अजून डावीकडे मारता."

भाऊ इतके हसले की एकाच्या हातातला कप सांडला. मग तोही हसला. आणि मग म्हणाला, "बोल, टू-फोर-थ्री का?"

मी सांगितलं ते तुलाही सांगतो. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, पण पत्रात मध्येच उठून जाता येत नाही. नळी जितकी रुंद आणि दारू जितकी जास्त, तितका मागे धक्का. दहा वर्षांच्या पोरीच्या खांद्याला धक्का कळतो, हरणाला आकडा कळत नाही. टू-फोर-थ्रीची गोळी दीडशे पावलांवर हरणाला पुरते आणि धक्का थ्री-नॉट-एटच्या निम्म्याच्या जवळपास. दुसरं, लहान मुलाला हलकी बंदूक द्यावी असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. हलकी बंदूक जास्त लाथ मारते. जरा वजनदार घ्यावी आणि पुढे टेकू द्यावा. तिसरं, पहिले दोन महिने तीही नाही. आधी पॉइंट टू-टू. आवाज बेताचा, धक्का नाहीच. डोळे उघडे ठेवायला शिकली की मग मोठी.

"दोन महिने खेळणं?" अबू हाशिर म्हणाला.

"दोन महिने डोळे," मी म्हटलं.

अल-खोबरच्या परवान्याच्या दुकानात जाऊन घेतल्या दोन्ही. मी परदेशी माणूस. काउंटरच्या अलीकडे खुर्चीत बसून नुसती मान हलवायची. दुकानदार प्रत्येक रायफल अबू हाशिरच्या हातात देई आणि बघे माझ्याकडे.

दस्ता मात्र दुकानाचा नको म्हटलं, मी करीन. अक्रोडाचं लाकूड मिळालं, रेषा सरळ, गाठ नाही. सफूराचं माप घेतलं. साडेअकरा इंच. साडेबारा करतोय. या वयात पोरं बघता बघता वाढतात, दरवर्षी कोण नवा दस्ता करणार. तुझे शाळेचे बूट आठवतात? एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस. जूनमध्ये कापूस घालायचा, दिवाळीला थोडा काढायचा, पुढच्या जूनला बूट पायात बरोबर. तुझा परकर, तुझा रेनकोट, सायकलसुद्धा. आपल्याकडे कुणी मुलांना आजच्या मापाचं घेत नाही.

ज्ञानदाला कॅलिबरचा प्रश्नच नाही. एअर रायफलचं नियमाने ठरलेलं असतं, जगभर एकच. तिच्या बाबतीत निवडायचं फक्त माप. आणि ते तुझ्याकडे आहे.

माझ्या एकसष्टीच्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नव्हतो. लिहितो. अल-खोबरच्या त्या हॉलमध्ये मंडळाच्या बायका औक्षण करत होत्या, कुणीतरी म्हणालं, "उमाकांतराव, लेकीच्या लहानपणीचं काहीतरी सांगा." मी नेहमीचं सांगितलं. एका बारात बंदूक टाकून रडत घरी पळाली ते. लोक हसले. ते नेहमी हसतात. तू ताट ठेवून उठलीस, ज्ञानदाचा हात धरलास आणि गेलीस. गिरीश तुमच्या तिघांचे बूट शोधत राहिला.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं करायला नको होतं असं मला वाटायचं. अजून वाटतं. माप कळव.

अण्णा


जुबैल
शनिवार, २५ जानेवारी

काल सफूराने दस्ता परत दिला.

मी मोठ्या तोऱ्यात नेला होता. सात वेळा तेल पाजलं होतं, हात ठेवला तर घोड्याच्या पाठीवर ठेवल्यासारखा. अबू हाशिरने वास घेतला. भावांनी फोटो काढले. मी रायफलवर बसवला, रिकामी आहे हे दोनदा दाखवलं आणि तिच्या हातात दिली.

तिने खांद्याला लावली. बोट चापापर्यंत पोचेना. पोचावं म्हणून तिने अंग वळवलं. तसं दस्त्याचं टोक खांद्याच्या खळग्यातून निसटलं आणि गळ्याखालच्या हाडावर येऊन बसलं. मान लांब करून तिने दुर्बिणीत पाहिलं. मग रायफल खाली घेतली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून मला परत दिली, नीट, पाहुण्यांना तबक द्यावं तशी.

"अम्मो, धिस इज फॉर माय बिग सिस्टर." अम्मो म्हणजे काका, मला ती तसंच म्हणते.

"तुला मोठी बहीण आहे?"

"नो."

मजलिसमध्ये सगळे हसले. मी हसलो नाही, असं मला अबू हाशिरने नंतर सांगितलं.

तो म्हणाला, "राहू दे. वाढेल ती. पुढच्या वर्षी बरोबर बसेल."

मी म्हटलं, "पण शिकार याच वर्षी आहे."

"मग खांद्याला उशी लाव. तूच तर म्हणालास, साडेबारा करतो."

"चूक म्हणालो."

पस्तीस वर्षांत त्याने हा शब्द माझ्या तोंडून ऐकला नव्हता. त्याने कप खाली ठेवला. "कांत, बरा आहेस ना?"

गाडीत हत्यारांची पेटी होती. मी ओट्यावर चादर पसरली, दस्ता पायांत धरला आणि साडेअकरावर करवत घातली. तो ओरडला, "या रजुल! अक्रोड आहे ते!" इकडे भाऊ म्हणतात, काप काप. सफूरा समोर मांडी घालून भुसा मुठीत गोळा करत होती. पडलेला एक इंचाचा तुकडा मी तिच्या हातात दिला. म्हटलं, हा जपून ठेव. त्याच्या चकत्या करीन. तू वाढलीस की एक चकती लावायची, आणखी वाढलीस की दुसरी. वाढल्यावर. आधी नाही.

तिने तो तुकडा बॅगेच्या आतल्या कप्प्यात, चेनच्या मागे ठेवला.

नंतर पॉइंट टू-टूलाही तेवढंच माप केलं. पंचवीस पावलांवर दहा गोळ्या. नऊ कागदावर. अबू हाशिर कागद हातात घेऊन फिरत होता, जशा काही त्यानेच मारल्या. मला म्हणाला, "तीस वर्षं माझ्या माणसांच्या डोक्यावर बसतोस, मोजून काम करा म्हणून. आणि स्वतः मोजून चुकतोस!"

त्याला वाटलं मी नुसता चुकलो.

पूर्णिमा, साडेअकरा हा आकडा सफूराच्या हातावर टेप धरायच्या आधीपासून मला माहीत होता. दहा-अकरा वर्षांच्या पोरीचा हात साधारण तेवढाच असतो. तुझाही तेवढाच होता.

आज इथेच थांबतो. सफूराच्या पॉइंट टू-टूलाही दुर्बीण बसवायची आहे.

अण्णा


जुबैल
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गिरीश समोर बसून कॉफी पितोय. काल बँकेच्या कामाला दम्मामला आला होता, आज तिथून टॅक्सी करून माझ्याकडे आला. पाचच्या गाडीने रियाधला परत जाणार. मी म्हटलं पत्र नेतोस? म्हणाला, "अण्णा, मी फोन करत होतो ते तिला कळलंय. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. द्या." तर हे त्याच्या हाती. वर्गाचं मला त्यानेच सांगितलं होतं. क्लबच्या बंदुकीचा दस्ता खाकी कागदावर पेन्सिलीने गिरवून त्यानेच आणून दिलाय. त्याला ओरडू नकोस. पेन्सिल फार चांगली धरतो.

आत्ता त्याने मला आणखी एक सांगितलं. परवा त्याने ज्ञानदाला विचारलं, वर्ग का सोडायचा? ती म्हणाली, "आय ॲम लाइक मम्मा. आय गेट स्केअर्ड."

ती एकसष्टीला आठ वर्षांची होती. माझी गोष्ट सगळ्यांनी हसून सोडून दिली. तिने ठेवून घेतली.

म्हणून आता खरं लिहितो. गिरीश घड्याळ बघतोय, तेव्हा थोडक्यात.

मे सत्त्याण्णव. मी सुट्टीवर आलो होतो. बंदूक आजोबांचीच होती, पण दस्ता त्यांचा नव्हता. तो मी केला होता, तुझ्यासाठी, शिसवीचा, आल्यापासून आठ दिवस पडवीत बसून. पहिल्या पत्रात लिहिलं की तुझ्यासाठी थोडीच बनवली होती. बनवली होती. तुझा हात मोजला होता. तुला आठवत नसेल, तू झोपाळ्यावर बसून आंबा खात होतीस आणि टेपला चीक लागला म्हणून मी तुझ्यावर ओरडलो. साडेअकरा इंच. मी तेरा केला. वाढीव दीड इंच. पुन्हा सुट्टीवर यायला दोन वर्षं लागणार होती, तोवर तू वाढशील, दस्ता बरोबर बसेल. बुटांचा हिशेब लावला. बुटात कापूस घालता येतो.

तू बंदूक सैल धरली नव्हतीस. धरायला जागाच नव्हती. चापापर्यंत बोट न्यायला तू अंग वळवलंस, दस्ता खांद्यातून सुटून त्या हाडावर आला. सफूराचं झालं तसंच. फक्त तिची रायफल रिकामी होती. आणि तिने परत दिली. तू दिली नाहीस, कारण मी आठ दिवस घालून केली होती आणि तू बघत होतीस.

पहिल्या बारातच हाड मोडलं. तू म्हणालीस, "अण्णा, दुखतंय." मी म्हणालो, "घाबरलीस. भीती जायला लगेच दुसरा काढायचा." तू दुसरा काढलास. मोडलेल्या हाडावर. डोळे उघडे ठेवून. मग बंदूक टाकली नाहीस, भिंतीला टेकवून ठेवलीस आणि चालत घरी गेलीस. पळाली नाहीस. रडलीस ती घरी, आईने फ्रॉक काढला तेव्हा.

हे मी सत्तावीस वर्षं लोकांना एका बारात रडली म्हणून सांगितलं. दोन होते.

डॉक्टरला सांगितलं, झोपाळ्यावरून पडली. अकरा वर्षांच्या पोरीने बंदूक उडवली हे कळलं असतं तर आजोबांचा शेतीचा परवाना गेला असता. तुझ्याकडूनही तेच वदवून घेतलं, दवाखान्याच्या पायरीवर दोनदा म्हणवून. डॉक्टरने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघून बोललीस. आज तू रोज लोकांचे एक्स-रे वाचतेस. पडून मोडलेलं आणि आत दाबून मोडलेलं तुला कळत असेल. त्या डॉक्टरलाही कळलं असावं. त्याने काही लिहिलं नाही.

दस्ता तुझ्या आईने दुसऱ्या दिवशी बंबात घातला. अंघोळीचं पाणी तापलं. मला तेव्हा लाकडाचं वाईट वाटलं होतं.

ज्ञानदा घाबरत नाही. तिचा दस्ता लांब आहे. माझ्यासारख्याच कुणा माणसाने कारखान्यात मोठ्या माणसाच्या मापाने केलेला. मान ताणून, कंबर मागे टाकून कुणाचाही हात थरथरेल. हे तिला सांग. आणि तिच्या आईला भीती वाटली नव्हती, हेही सांग. तू सांगणार नसशील तर हा कागद तिला वाचायला दे. मराठी तिला जड जाईल, गिरीश वाचून दाखवेल.

माप पाठवायचं नसेल तर पाठवू नकोस. मी लाकूड आणून ठेवलंय. सफूराच्याच फळीतलं आहे, अक्रोडाचं. अंदाजाने काहीही कापणार नाही, एवढं ठरवलंय.

सफूरा पन्नास पावलांवर पॉइंट टू-टूने पाचांत चार मारते. डोळे उघडे असतात. अबू हाशिर सगळ्यांना सांगत सुटलाय की कॅलिबर त्यानेच निवडलं. सांगू दे.

गिरीशचा कप रिकामा झाला. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय.

अण्णा


शनिवार, ८ फेब्रुवारी
सकाळ

साडेसहाला तुझा मेसेज मिळाला. २९.४ सेंटिमीटर. खाली लिहिलंयस, वाढीचं धरू नका.

धरलं नाही. सात वाजता वर्कशॉप उघडलं आणि २९.४ वर कापलं.